कोका-कोला ६००ला जाताय? तिकीट काढण्याआधी एवढं ठरवा

मे महिना जवळ आला की शार्लट आणि आसपासच्या मराठी घरांतून दरवर्षी तेच प्रश्न येतात. शर्यत शनिवारची बघावी की रविवारची? पुढच्या रांगेचं तिकीट स्वस्त मिळतंय, घेऊ का? आई-बाबा भारतातून आलेत, त्यांना झेपेल का? पाऊस आला तर पैसे परत मिळतात का? आणखी एक प्रश्न असतो, तो जरा बिचकतच विचारला जातो : गाड्या नुसत्या गोल गोल फिरणार, मग चार तास बघायचं काय?

या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर तुम्ही कुठे बसता आणि कानावर काय लावता यावर अवलंबून आहे. चुकीच्या जागी, कानात बोळे कोंबून बसलात तर खरंच नुसत्या गाड्या गोल फिरताना दिसतील. म्हणून हा सगळा प्रपंच.

आधी ओळख, कामापुरती

कोका-कोला ६०० जिथे होते, तो शार्लट मोटर स्पीडवे हा ट्रॅक शार्लट शहरात नाही. तो ईशान्येला, शेजारच्या कॉन्कर्ड गावात आहे. ब्रुटन स्मिथ आणि कर्टिस टर्नर यांनी तो बांधला आणि १९६० साली तिथे पहिली ६०० मैलांची शर्यत झाली. एक फेरी दीड मैलाची, म्हणजे सुमारे २.४ किलोमीटरची. वळणं सगळी डावीकडे आणि २४ अंशांनी कललेली. टीव्हीवर हा कल सपाटच वाटतो. प्रत्यक्षात त्या उतारावर चालत चढायचं म्हटलं तरी दम लागेल.

नॅसकारच्या मुख्य मालिकेतली, म्हणजे कप मालिकेतली, ही सर्वांत लांब शर्यत. ४०० फेऱ्या, जवळपास ९६६ किलोमीटर. बाकीच्या शर्यती एकदिवसीय सामन्यांसारख्या मानल्या, तर ही कसोटी आहे. मेमोरियल डेच्या आदल्या रविवारी संध्याकाळी सहाच्या सुमाराला उन्हात सुरू होते आणि रात्री दहा-साडेदहाला दिव्यांच्या उजेडात संपते. इतर शर्यतींचे तीन टप्पे असतात, हिचे चार, प्रत्येकी १०० फेऱ्यांचे. टप्पा संपताना जे पहिल्या दहांत असतात त्यांना गुण मिळतात. त्यामुळे शेवटच्या फेरीपर्यंत कुणी थांबून राहत नाही. दर शंभर फेऱ्यांनी झुंज होतेच.

कोणता दिवस निवडाल?

वेळापत्रक दरवर्षी थोडंफार हलतं, पण साचा साधारण असा असतो :

- शुक्रवार : ट्रक मालिका. पिकअप ट्रकच्या आकाराच्या गाड्या, सुमारे २०० मैल, दोन-अडीच तासांत खेळ खलास. तिकीट सगळ्यांत स्वस्त. चालक तरुण आणि उतावळे, त्यामुळे धडकाधडकी भरपूर. याच मालिकेत २०१० साली आपला नरेन कार्तिकेयन उतरला होता आणि त्या हंगामातला सर्वांत लोकप्रिय चालक म्हणून चाहत्यांनी त्यालाच निवडलं होतं.
- शनिवार : दुसऱ्या फळीच्या मालिकेची ३०० मैलांची शर्यत. शिवाय रविवारच्या कप गाड्यांचा सराव आणि पात्रता फेरी बहुधा याच दिवशी. एका दिवसात दोन्ही गोष्टी पदरात पडतात.
- रविवार : खुद्द ६००. आधी सैन्याच्या मानवंदनेचा मोठा सोहळा, मग शर्यत. पार्किंगपासून पार्किंगपर्यंत आठ-नऊ तास धरा.

सात-आठ वर्षांखालची मुलं असतील तर शुक्रवार घ्या. शर्यतीची गोडी लागते का, हे कमी खर्चात कळतं. ज्यांना थोडं आधीच कळतं त्यांच्यासाठी शनिवार उत्तम, आणि माझ्या मते या सबंध आठवड्याअखेरचा तोच सर्वांत कमी लेखला गेलेला दिवस. पण अमेरिकेत एकदाच यायचं असेल, तर रविवारच. तिथे काटकसर करू नका.

सरावात आणि पात्रता फेरीत काय हेरायचं

रविवारी कोण जिंकेल याचे अंदाज पात्रता फेरीवरून बांधले जातात. इथेच बहुतेक जण फसतात. पात्रता फेरीत एकच फेरी, नव्या टायरवर, एकट्याने मारायची असते. सुमारे तीस सेकंदांत, ताशी २९० किलोमीटरच्या आसपासच्या सरासरी वेगाने. त्या फेरीचा आणि रविवारी रात्री साडेनऊ वाजता गर्दीतून झिजलेल्या टायरवर गाडी चालवण्याचा संबंध फार थोडा.

पात्रता फेरीचा एक उपयोग मात्र नक्की असतो. ज्याचा क्रमांक वरचा, त्याला पिट रोडवरची, म्हणजे टायर बदलायला आणि टाकी भरायला गाड्या थांबतात त्या पट्ट्यावरची, आपली जागा आधी निवडता येते. बाहेर पडायच्या तोंडाशी असलेली मोक्याची जागा पहिला येणारा पटकावतो आणि मग प्रत्येक थांब्याला त्याचा थोडा थोडा वेळ वाचतो. चार तासांत असे बरेच थांबे होतात.

सराव बघताना या तीन गोष्टींकडे लक्ष द्या :

- सलग फेऱ्यांची सरासरी. एका फेरीचा वेग सोडून द्या. सलग दहा, पंधरा, वीस फेऱ्यांची सरासरी कुणाची चांगली, ते बघा. टायर झिजल्यावरही जो फारसा मंदावत नाही, त्याचं नाव लिहून ठेवा.
- कोण कुठून वळतो. काही जण वळणाच्या आतल्या पांढऱ्या रेषेला चिकटून जातात, काही वर भिंतीलगत. ज्याला दोन्ही जमतं त्याला रविवारी पुढे जायला वाट सापडते.
- रेडिओवरच्या तक्रारी. 'टाइट' म्हणजे स्टिअरिंग फिरवूनही गाडीचं नाक वळत नाही, ती भिंतीकडे ओढली जाते. 'लूज' म्हणजे मागचा भाग सुटतो आणि गाडी गिरकी घ्यायला बघते. शर्यतीतलं निम्मं बोलणं या दोन शब्दांत चालतं.

आता ६००ची खरी गोम. सहा वाजता डांबर तापलेलं असतं, पकड कमी. सूर्य मावळला की ट्रॅक गार होतो आणि पकड वाढते. म्हणजे पहिल्या टप्प्यात जी गाडी सुरेख धावते, ती चौथ्या टप्प्यात हटवादी होऊ शकते. प्रत्येक थांब्यावर टायरमधला हवेचा दाब आणि सस्पेन्शनवरचा ताण बदलत बदलत अंधाराबरोबर गाडी जुळवत नेणं, हे क्रू चीफचं, म्हणजे चमूच्या प्रमुखाचं, खरं काम. म्हणून पहिल्या तासात आघाडीवर असलेल्यावर पैज लावू नका.

२०२५ची शर्यत याचा चांगला दाखला आहे. विल्यम बायरनने पहिले तिन्ही टप्पे जिंकले आणि ४०० पैकी २८३ फेऱ्यांत तो आघाडीवर होता. जिंकला मात्र रॉस चॅस्टेन. त्याची गाडी शनिवारच्या सरावात भिंतीवर आपटून निकामी झाली होती. त्याच्या चमूने रातोरात दुसरी गाडी उभी केली आणि नियमाप्रमाणे त्याला सर्वांत मागून सुरुवात करावी लागली. सहा फेऱ्या उरल्या असताना त्याने बायरनला मागे टाकलं.

तेव्हा चालक निवडायचा असेल तर दोन निवडा. एक पुढून सुरुवात करणारा, एक विसाव्या-पंचविसाव्या क्रमांकावरचा, पण सरावात लांब पल्ल्याला चांगला धावलेला. दुसऱ्याची शर्यत बघायला जास्त मजा येते.

जागा : वर, आणखी वर

आपल्याकडे नाटकाला पुढची रांग म्हणजे मान. इथे उलट. पहिल्या दहा रांगांतून समोरची जाळी, तिच्यामागे क्षणभर चमकून गेलेला रंग आणि टायरच्या रबराचे कण एवढंच वाट्याला येतं. पलीकडचा सरळ भाग दिसतच नाही. तिकीट स्वस्त असण्याचं कारण तेच.

- जेवढी वरची रांग परवडेल तेवढी घ्या. वरून चारही वळणं एका नजरेत येतात आणि कोण कुणाला कुठे गाठतोय हे उलगडतं.
- सुरुवात-शेवटाच्या रेषेच्या आसपासची मुख्य बाजू निवडा. पिट रोड तिथेच समोर असतो. पाच माणसं भिंतीवरून उड्या मारतात आणि दहाएक सेकंदांत चारही चाकं बदलून टाकी भरतात. ते डोळ्यांनी बघण्यासारखं आहे.
- ती बाजू महाग वाटली तर चौथ्या वळणाच्या तोंडाशी, पण वरच बसा.
- मैदानाच्या आत, इनफिल्डमध्ये, तंबू आणि मोटरहोम लावून राहणाऱ्यांची वेगळीच जत्रा असते. मौज म्हणून छान, शर्यत मात्र तिथून नीट दिसत नाही. पहिल्याच खेपेला नको.

सुरक्षिततेबद्दलही स्पष्ट बोलायला हवं. १९९९ साली याच ट्रॅकवर इंडी गाड्यांच्या शर्यतीत अपघातातले अवशेष जाळीवरून प्रेक्षकांत पडले आणि तिघांचा जीव गेला. त्यानंतर अशा ट्रॅकवरच्या जाळ्या आणि गाड्यांना चाकं बांधून ठेवण्याची पद्धत, दोन्ही बरीच सुधारली. तरीही तिकिटाच्या अटींत शर्यतीतले धोके तुम्ही पत्करता असं लिहिलेलं असतं. लहान मुलांना घेऊन खालच्या रांगा टाळायला हे आणखी एक कारण.

कान सांभाळा, आणि कानांनीच बघा

चाळीसच्या आसपास व्ही-८ इंजिनं एकत्र धावतात तेव्हा आवाज शंभर डेसिबलच्या वर सहज जातो, आणि तुम्ही त्यात चार तास बसणार. कापसाचे बोळे उपयोगाचे नाहीत. फोमचे इअरप्लग मोठ्यांसाठी चालतील. मुलांना डोक्यावरून बसणारे इअरमफ घ्या आणि घरी तासभर लावून सवय करा, नाहीतर पाचव्या फेरीलाच ते काढून फेकतील. तान्ह्या बाळाला नेऊच नका, मग कुणी काहीही म्हणो.

याहून चांगला उपाय म्हणजे स्कॅनर. ट्रॅकवर भाड्याने मिळतो. आवाज अडवणारा हेडफोन आणि त्यात चालक, क्रू चीफ आणि स्पॉटर यांचं थेट बोलणं. स्पॉटर म्हणजे स्टँडच्या माथ्यावर उभा राहून चालकाला बाजूला कोण आहे ते सांगणारा माणूस. डोक्याभोवतीच्या आधारामुळे चालकाला मान फारशी वळवता येत नाही, तेव्हा हा त्याचा डोळा. तुमचा चालक 'टाइट आहे' म्हणून कुरकुरतो, क्रू चीफ काहीतरी ठरवतो, पुढच्या थांब्यावर बदल होतो आणि दहा फेऱ्यांनी तो दोन गाड्यांना मागे टाकतो. ही सगळी गोष्ट तुमच्या कानात घडते. नॅसकारच्या ॲपवरही रेडिओ ऐकता येतो, पण एवढ्या गर्दीत मोबाइलचं नेटवर्क किती साथ देईल याचा भरवसा नाही. कुटुंबाला एक स्कॅनर आणि दोन हेडफोन जोडायची सोय मागा. नवरा-बायकोत भांडण होत नाही.

पिशवीत काय

हा ट्रॅक बाहेरचे खाण्याचे पदार्थ आत नेऊ देतो. आपल्यासाठी ही मोठीच सोय, कारण आतल्या शाकाहारी पर्यायांची मजल फ्राईज, नाचोज आणि प्रेट्झेलपर्यंतच. मऊ कापडी कूलर साधारण १४ इंच लांब-रुंद-उंच या मापात बसला पाहिजे. माप आणि यादी निघण्याआधी ट्रॅकच्या संकेतस्थळावर एकदा ताडून घ्या, कारण नियम बदलतात.

- दशम्या, ठेपले, पोळीचे रोल, चिवडा बिनधास्त न्या. लोणचं-चटणी काचेच्या बरणीत नको, काच दारातच अडवतात.
- छत्री चालत नाही. मागच्याला दिसत नाही म्हणून. रेनकोट किंवा पाँचो घ्या.
- टोपी, सनस्क्रीन, पाण्याच्या बाटल्या. पहिले दोन तास ऊन आणि दमट उकाडा, दोन्ही असतात.
- पातळ गादी किंवा उशी. पत्र्याच्या बाकावर चार तास बसणार आहात.
- औषधं मूळ डबीतच ठेवा. मधुमेही असाल तर खाण्याची वेळ शर्यतीवर सोडू नका.
- तिकीट मोबाइलच्या वॉलेटमध्ये घरूनच उतरवून घ्या.

मध्येच उठायचं कधी?

टप्पा संपला की पिवळा झेंडा फडकतो, गाड्या सावकाश एकामागे एक फिरतात आणि सगळं स्टँड एकदम स्वच्छतागृहाकडे धावतं. तीच चूक. पिवळ्या झेंड्याखाली सगळे एकदम पिट रोडवर येतात आणि निम्मी शर्यत तिथेच फिरते. ते सोडून रांगेत का उभं राहायचं? हिरवा झेंडा पडल्यावर तीसेक फेऱ्या जाऊ द्या. गाड्या पांगतात, चित्र स्थिरावतं. तेव्हा उठा. पाच-सहा मिनिटांत फारसं काही बुडत नाही, आणि पलीकडच्या सरळ भागावर मोठा पडदा आहेच.

दोनशेव्या फेरीनंतर मात्र जागेवरच असा. सगळ्या गाड्या पिट रोडवर थांबतात, इंजिनं बंद होतात आणि युद्धात मारल्या गेलेल्या सैनिकांसाठी सारं स्टेडियम स्तब्ध उभं राहतं. त्या दिवशी गाड्यांच्या पुढच्या काचेवर चालकाच्या नावाऐवजी अशाच एकेका सैनिकाचं नाव असतं. या वेळी फोनवर बोलू नका, मुलांनाही आधी सांगून ठेवा.

पाऊस आणि तुमचे पैसे

मे अखेरीस दुपारनंतर वादळी सर अनेकदा येते. या गाड्यांचे टायर गुळगुळीत असतात. ओल्या दीड मैली ओव्हलवर शर्यत होतच नाही. पाऊस थांबल्यावर वाळवण्याच्या गाड्या फिरतात आणि ट्रॅक कोरडा व्हायला दोनेक तास लागू शकतात. आठ मैलांच्या आत वीज पडली तर शर्यत थांबते आणि त्यानंतर अर्धा तास वीज न पडता गेल्याशिवाय पुन्हा सुरू होत नाही. या काळात उघड्या बाकांवर बसू नका, घोषणा झाली की गाडीत जा.

निर्णय घ्यायला हे तीन नियम पुरतात :

- निम्मं अंतर झालं, की निकाल लागू शकतो. ६००मध्ये म्हणजे २०० फेऱ्या. २०२४ साली २४९ फेऱ्यांनंतर पाऊस आला, पुढे ट्रॅक वेळेत वाळेना आणि ख्रिस्तोफर बेलला विजेता ठरवण्यात आलं. त्याच दिवशी इंडियानापोलिसची ५०० मैलांची शर्यत संपवून धावत आलेल्या कायल लार्सनला इथे एक फेरीही मारायला मिळाली नाही. अशा वेळी प्रेक्षकाला पैसे परत मिळत नाहीत. शर्यत झाली असंच धरलं जातं.
- निम्मं झालं नाही, तर दुसऱ्या दिवशी. २०२३ची शर्यत सोमवारी झाली. तुमचं तिकीट त्या दिवशीही चालतं. म्हणून सोमवारच्या सुट्टीत दुसरा बेत ठेवू नका, आणि परतीचं विमान त्या दिवशी सकाळचं तर मुळीच नको.
- पुढच्या दिवशी येणं शक्य नसेल, तर क्रेडिट मागा. ट्रॅकची मालक कंपनी स्पीडवे मोटरस्पोर्ट्स पावसाने पुढे ढकललेल्या शर्यतीच्या तिकिटाची किंमत दुसऱ्या तिकिटासाठी वळती करून देते. हातात रोख पैसे येत नाहीत. मुदतीत अर्ज करावा लागतो, आपोआप काही होत नाही. तिकीट दुसऱ्या कुणाकडून घेत असाल तर ही सोय तुम्हाला लागू होईल का, हे पैसे देण्याआधी विचारा.

हॉटेलचं वेगळं. शर्यतीच्या दिवसांत बरीच हॉटेलं दर वाढवतात आणि दोन-तीन रात्रींची सक्ती करतात. चार डॉलर जास्त गेले तरी रद्द करता येईल असंच आरक्षण घ्या.

आई-बाबांना न्यायचं असेल तर

वरची रांग म्हणजे पायऱ्या. गुडघे दुखत असतील, व्हीलचेअर लागत असेल किंवा चालताना आधार हवा असेल, तर त्यासाठीच्या जागा मागणं हा तुमचा हक्क आहे. अपंगांसाठीच्या अमेरिकी कायद्यानुसार व्हीलचेअरच्या जागेबरोबर, शिल्लक असतील तर, सोबत्यांसाठी लगतच्या तीनपर्यंत जागा घेता येतात. व्हीलचेअरची जागा म्हणून जादा पैसे लावता येत नाहीत. अपंगत्वाचा पुरावा मागण्याचाही त्यांना अधिकार नाही. हे ऑनलाइन धुंडाळण्यापेक्षा तिकीट खिडकीला फोन करा, आणि आधीच करा. या जागा लवकर संपतात.

पार्किंगपासून स्टँडपर्यंत बरंच चालावं लागतं. अपंगांसाठीच्या पार्किंगचं भारतातलं कार्ड बरोबर असेल तर ते इथे चालेल असं गृहीत धरू नका, त्याच फोनवर विचारून घ्या. आणि सगळ्यांनी शेवटपर्यंत बसलंच पाहिजे असं नाही. दोन गाड्यांनी जाणं जमत असेल तर उत्तमच, दोनशेव्या फेरीच्या मानवंदनेनंतर एक गाडी घरी वळवता येते.

जाणं-येणं

आय-८५ महामार्गाची ४९ क्रमांकाची एक्झिट सगळ्यांनाच माहीत असते, म्हणून तीच तुंबते. तीनच्या आत पोहोचा. शार्लटची लाइट रेल इथपर्यंत येत नाही. गाडी लावल्या लावल्या जवळच्या खांबाचा किंवा फलकाचा फोटो काढा, रात्री अकराला सगळी मैदानं सारखीच दिसतात. शर्यत संपल्यावर अर्धा-पाऊण तास बसून राहा, उरलेला चिवडा संपवा. तेवढ्या वेळात बाहेर गेलेले लोक पार्किंगमध्येच उभे असतात.

लवकर आलात आणि वेळ उरला, तर शनिवारी सकाळी शार्लटच्या मध्यवस्तीतलं नॅसकार हॉल ऑफ फेम बघा. ते २०१०पासून आहे. तिथे आत कल दिलेल्या ट्रॅकवर जुन्या गाड्या मांडून ठेवल्या आहेत, आणि आई-बाबांना वळणाचा उतार म्हणजे काय ते जवळून समजतं.

जाणं जमलंच नाही, तर अमेरिकेत ही शर्यत २०२५पासून प्राइम व्हिडिओवर दाखवतात. महाराष्ट्रातल्या नातेवाइकांना निकाल फोनवर कळवायचा असेल, तर तिथे सोमवारची सकाळ असते. इथे सहाला सुरू झालेली शर्यत त्यांच्या घड्याळात पहाटे साडेतीनला सुरू होते, आणि पावसाने लांबली नाही तर आठच्या सुमाराला संपते.